तिसऱ्या आठवड्यात कुठे अडतं? खुल्या अभ्यासक्रमाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्राथमिक संख्याशास्त्राचा सहा आठवड्यांचा खुला ऑनलाइन अभ्यासक्रम आजपासून आमच्या हाती आला. आम्ही चौघं आहोत. मी शिकवणार, एक सहकारी तांत्रिक बाजू बघणार, आणि पदव्युत्तर वर्गातल्या दोन विद्यार्थिनी प्रश्नसंच आणि उपशीर्षकं सांभाळणार. व्यासपीठ मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवण्याचं सॉफ्टवेअर. मार्टिन दुगियामास यांनी २००२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आणली. ते मुक्त स्रोत असल्यामुळे हवं तसं वाकवता येतं, आणि आमच्या सहकाऱ्याचा त्यावर हात बसलेला आहे. एवढं पुरे.

नावावर बराच वेळ गेला. 'मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स' याची आद्याक्षरं जोडून तयार झालेला शब्द मराठीत लिहिला की 'मूक' होतो. जिथे शिकणाऱ्यानं बोलावं, अडलं की विचारावं अशी आमची इच्छा आहे, त्या ठिकाणाला हे नाव मला नको होतं. नोंदींत आणि बाहेरही 'खुला अभ्यासक्रम' असंच म्हणायचं ठरलं.

९ जानेवारी

विभागाच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "किती जण पूर्ण करतील?" उत्तर द्यायच्या आधी जुने आकडे काढून बसले.

२००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी शिकवलेल्या वर्गात फी भरलेले सुमारे २५ विद्यार्थी होते, आणि बाहेरून विनामूल्य सामील झालेले सुमारे २,२०० जण. या प्रकाराला नाव मिळालं ते त्याच वर्गावरून. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाला दीड लाखाहून अधिक नोंदण्या झाल्या. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्किट्सच्या अभ्यासक्रमात १,५४,७६३ जणांनी नाव घातलं आणि ७,१५७ जण उत्तीर्ण झाले, म्हणजे शंभरात पाचही नाहीत. पुढे २०१९ मध्ये जस्टिन राइश आणि होजे रुइपेरेझ-वालिएंते यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांचे सहा वर्षांचे आकडे मांडले. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे ३.१३ टक्के. नोंदणी करणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी तर अभ्यासक्रमाच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं.

हे आकडे सांगितल्यावर खोलीतला उत्साह खाली बसला, हे मला जाणवलं. पण दारातून आत न आलेला माणूस आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत मन लावून आलेला, मग थांबलेला माणूस यांना एकाच टक्केवारीत घालणं मला पटत नाही. पहिल्यानं आमच्याकडून काही मागितलेलंच नाही. दुसरा मागत होता आणि आम्ही कमी पडलो. म्हणून बैठकीत सांगितलं की 'किती जणांनी पूर्ण केलं' याच्याआधी आम्ही 'जे आत आले ते नेमके कुठल्या जागी थांबले' हे मोजू. ते मान्य झालं.

अट एक: कोणी काय पाहिलं हे नावानिशी गोळा करायचं नाही. सगळ्यांचा मिळून आलेख पुरेसा आहे. आपण कुठे अडखळलो यावर कुणाची नजर आहे असं वाटलं तर माणूस मोकळेपणानं अडखळतही नाही.

१६ जानेवारी

गेल्या दोन वर्षांची वर्गातली व्याख्यानं चित्रित केलेली आहेत, तीच कापून वापरता येतील का ते आज पाहिलं. सहकाऱ्यानं एका तासाच्या व्याख्यानाचे आठ तुकडे केले. एकही चालण्यासारखा नाही. आवाज स्वच्छ आहे, फळाही दिसतो, तरी तुकडा निर्जीव वाटतो. का वाटतो ते आज सांगता येत नाहीये.

फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतली व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासली होती. त्यांनाही हेच दिसलं होतं. वर्गातलं व्याख्यान कापून बनवलेल्या व्हिडिओंपेक्षा ऑनलाइनसाठी मुद्दाम आखलेल्या व्हिडिओंत लोक जास्त रमले. व्हिडिओ कितीही लांब असो, बहुतेकांचं लक्ष सहा मिनिटांच्या आतच टिकलं. तयार स्लाइडपेक्षा हातानं लिहीत जाणारी पाटी लोकांना अधिक धरून ठेवते, हेही त्यांनीच नोंदवलं आहे.

तेव्हा सगळं नव्यानं चित्रित करायचं. सहा मिनिटांची मर्यादा पाळायची. अपवाद एकच, धडा ३.२. प्रचरण म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप. ते काढताना एनऐवजी, म्हणजे आकड्यांच्या संख्येऐवजी, एन वजा एकनं का भागतात याची पूर्ण कारणमीमांसा तिथे आहे आणि ती अकरा मिनिटांखाली येत नाही.

२८ जानेवारी

चित्रण सुरू. दिवसाला दोन व्हिडिओ होतात, तीन नाही. संहिता शब्दशः लिहून वाचली की आवाज सपाट होतो. फक्त मुद्दे लिहून बोलले की वाक्यं लांबतात. मुद्दे लिहून दोनदा तोंडी म्हणायचं आणि तिसऱ्यांदा चित्रण करायचं, हे जमलं.

४ फेब्रुवारी

परवान्याचा दिवस. 'खुला' म्हणजे 'फुकट' असं विभागात बहुतेकांनी धरून ठेवलं होतं आणि त्यावर मला बरंच बोलावं लागलं.

एमआयटीनं २००१ मध्ये आपल्या सगळ्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर मोकळं ठेवण्याची घोषणा केली. 'मुक्त शैक्षणिक साधनं' ही संज्ञा २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत ठरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपलं साहित्य इतरांनी कसं वापरावं हे आधीच सांगून ठेवणारे क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने आले. या सगळ्याच्या मुळाशी फक्त किंमत नव्हती, अधिकार होता. मुक्त शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड वायली तो पाच गोष्टींत सांगतात: साहित्य जवळ ठेवता यावं, वापरता यावं, बदलता यावं, दुसऱ्यात मिसळता यावं, पुढे वाटता यावं. पाहायला विनामूल्य पण उतरवून घ्यायला बंद, बदलायला बंद, असा अभ्यासक्रम या अर्थानं खुला नाही. मोठ्या व्यासपीठांवरचे पुष्कळ अभ्यासक्रम असेच आहेत.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना 'बदल करू नये' ही अट हवी होती. "कोणी चुकीचं बदललं तर आपलं नाव खराब होईल," ही त्यांची काळजी खरी आहे. पण त्या अटीखाली भाषांतर केलं किंवा उदाहरणं बदलली तर ती कोणाला पुढे वाटताही येणार नाहीत. सरासरी शिकवताना शेतीच्या विद्यार्थ्याला एक उदाहरण लागतं, परिचर्येच्या विद्यार्थ्याला दुसरं, आणि ती सगळी मी लिहू शकत नाही. श्रेय द्यायचं आणि बदललेलं साहित्य याच अटींवर खुलं ठेवायचं, असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'सीसी बाय-एसए' परवाना घेतला. त्यात केलेले बदल नोंदवावे लागतात, हे दाखवल्यावर ज्येष्ठांनीही सही केली.

१३ फेब्रुवारी

उपशीर्षकं. यंत्रानं आपोआप लिहिलेली उपशीर्षकं साध्या वाक्यांना ठीक आहेत. परिभाषेला अजिबात नाहीत. 'प्रचरण'चं 'प्रकरण' झालं आणि 'मध्यक'चं 'मध्ये'. 'प्रकरण काढण्यासाठी वर्ग करा' असं वाक्य कर्णबधिर विद्यार्थ्यासमोर गेलं तर तो काय शिकणार? दोघी विद्यार्थिनी ओळ न् ओळ तपासताहेत. एका मिनिटाच्या व्हिडिओला सात-आठ मिनिटं लागतात.

हे काम मागाहून करू म्हणून पुढे ढकलायचं नाही, यावर मी ठाम आहे. २०१७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं वीस हजारांहून अधिक ध्वनिमुद्रित आणि चित्रित व्याख्यानं सार्वजनिक वापरातून काढून घेतली. ती अपंग व्यक्तींना वापरण्याजोगी नाहीत असं अमेरिकेच्या न्याय विभागानं कळवल्यानंतर विद्यापीठानं हा मार्ग घेतला. इतकं साहित्य एकदम सगळ्यांनाच बंद झालं. आधी इमारत बांधून मग चाकाच्या खुर्चीसाठी उतार जोडायला निघालं की अशी वेळ येते.

स्लाइडवरची फिकट राखाडी अक्षरं काढली. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ : १, हा वेब सुगम्यतेचा निकष आहे, आमची अर्धी शीर्षकं त्यात नापास होती.

शिवाय प्रत्येक व्हिडिओचा नुसता आवाज वेगळा ठेवला. सहा मिनिटांचा आवाज ६४ केबीपीएसनं साठवला तर तीन एमबीसुद्धा होत नाही. ज्यांचं नेट तुटतं त्यांच्यासाठी एवढाच विचार तेव्हा होता.

२० फेब्रुवारी

प्रश्नसंच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आम्ही शिक्षकच विसरतो. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवतं, पण आठवड्यानंतर पुढे असतात ते, ज्यांनी वाचून झाल्यावर आठवून लिहिलेलं असतं. म्हणून दर व्हिडिओनंतर दोन-तीन प्रश्न, कितीही वेळा सोडवता येतील असे, आणि मागच्या आठवड्यातला एक प्रश्न मुद्दाम पुन्हा.

उत्तरं एकमेकांकडून किंवा चॅटबॉटकडून घेण्याबद्दल बैठकीत फार चिंता व्यक्त झाली. मूडलमधल्या 'कॅल्क्युलेटेड' प्रकारात प्रत्येकाला वेगळे आकडे जातात, तेवढं केलं. पहारा देण्यात याहून जास्त शक्ती घालवायची माझी तयारी नाही.

३ मार्च

सुरू झालं. पहिल्या दिवशी लॉग-इनच्याच शंका.

१९ मार्च

तिसरा आठवडा. व्हिडिओच्या कोणत्या क्षणापर्यंत किती जण पाहत राहिले याचे आलेख सहकाऱ्यानं सकाळी समोर ठेवले. पहिल्या दोन आठवड्यांच्या व्हिडिओंत रेघ हळूहळू उतरते, जशी उतरायला हवी तशी. धडा ३.२ मध्ये ४ मिनिटं १० सेकंदांपर्यंत ठीक आहे आणि तिथे रेघ कड्यावरून पडावी तशी पडते. निम्मे प्रेक्षक तिथेच संपतात. पुष्कळ जण आधी मागे जाऊन तोच भाग दोन-तीनदा पाहतात आणि मग सोडतात.

मागे जाऊन पाहणारा माणूस कंटाळलेला नसतो, तो प्रयत्न करत असतो.

२१ मार्च

सर्वांचं मत पडलं, अकरा मिनिटं फार झाली. व्हिडिओ ३ मिनिटांशी कापला. पहिल्या भागात बसची वाट पाहण्याचं उदाहरण: ९, १०, ११ मिनिटं आणि २, १०, १८ मिनिटं. सरासरी दोन्हींची १०, पण दुसरी बस माणसाला हैराण करते. दुसऱ्या भागात प्रचरणाचं सूत्र आणि एन वजा एक.

२६ मार्च

उशिरा नोंदणी केलेले आता तिसऱ्या धड्याशी पोहोचताहेत, त्यामुळे कापलेल्या व्हिडिओचा आलेख मिळाला. पहिला भाग जवळजवळ सगळे पूर्ण पाहतात. दुसऱ्या भागात रेघ १ मिनिट १० सेकंदांना पडते. म्हणजे तीच जागा. तेच वाक्य. लांबीशी संबंध नव्हता. गळती वेळेच्या मागे नाही, वाक्याच्या मागे आहे.

ते वाक्य मी दहादा ऐकलं. मला त्यात काही सापडत नाही. गणित बरोबर आहे.

२८ मार्च

शंका विभागात एका अंध विद्यार्थ्याचा संदेश. तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. त्याच्या परवानगीनं इथे उतरवते:

"मॅडम, बसचं उदाहरण फार छान कळलं. पुढे तुम्ही म्हणता, 'आता हे बघा, हे इथून एवढं लांब आहे आणि हे इकडे, तर यांचा वर्ग करून हे सगळं इथे घेतलं.' काय कुठून लांब आहे आणि कुठे घेतलं? शिवाय लेखी टिपणातलं सूत्र माझ्याकडे नुसतं 'ग्राफिक' असं वाचलं जातं. बाकी धड्यांत एवढं अडलं नाही."

वेळ तपासली. १ मिनिट १० सेकंद.

२९ मार्च

स्क्रीन झाकून व्हिडिओ ऐकला. मग सलग सगळे ऐकले. जिथे अवघड होत जातं तिथे माझ्या बोलण्यातून नामं नाहीशी होतात. सोपा भाग असला की 'सरासरी', 'पहिलं निरीक्षण', 'दोन मिनिटांचं अंतर' असे शब्द येतात. सूत्र आलं की 'हे', 'ते', 'इथलं', 'तिकडचं'. माझं लक्ष गणिताकडे गेलेलं असतं आणि शब्दांचं काम मी बोटावर सोपवलेलं असतं.

वर्गात ते चालतं, कारण बोट खरंच फळ्यावर असतं. कपाळाला आठ्या पडलेल्या दिसल्या की मी थांबते, पुन्हा सांगते, तेव्हा नाव घेऊन सांगते. जानेवारीत कापलेल्या व्याख्यानांचे तुकडे का निर्जीव वाटले ते आज कळलं. त्या तुकड्यांत अर्धं वाक्य माझ्या हातात होतं आणि उरलेलं मुलांच्या चेहऱ्यांवर. कॅमेऱ्यानं फक्त तोंडचे शब्द उचलले.

आणि डोळस विद्यार्थी? त्यांना तरी कुठे दिसत होतं? सहकाऱ्यानं तोच व्हिडिओ फोनवर लावून माझ्या हातात दिला. माझा बाण सिग्माच्या चिन्हाभोवती फिरतो आहे असं मी धरून चालले होते. फोनच्या पडद्यावर तो बाण मुंगीएवढाही दिसत नाही. शिवाय सिग्मा म्हणजे 'सगळ्यांची बेरीज' हे मी आधीच्या एकाही धड्यात तोंडानं म्हटलेलं नाही. डोळे असलेले सगळे त्या जागी अंध विद्यार्थ्याइतकेच अंधारात होते. फरक एवढाच की त्यानं लिहून कळवलं, बाकीचे तीनदा मागे जाऊन निघून गेले.

२ एप्रिल

३.२ चा दुसरा भाग पूर्ण नव्यानं. नियम एकच: आधी फक्त आवाज मुद्रित करायचा, तो स्क्रीनशिवाय एकाला ऐकवायचा, त्याला कागदावर गणित मांडता आलं तरच चित्र जोडायचं. आजची संहिता अशी उतरली:

"चार प्रवाशांनी बससाठी वाट पाहिली: १२, ९, १३ आणि ६ मिनिटं. चौघांची सरासरी १० मिनिटं. आता प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढू. पहिल्या प्रवाशाचं अधिक २, दुसऱ्याचं वजा १, तिसऱ्याचं अधिक ३. इथे थांबा आणि चौथ्याचं अंतर त्याचे आकडे न बघता सांगा. सरासरीपासूनच्या सगळ्या अंतरांची बेरीज नेहमी शून्य येते. पहिल्या तिघांची बेरीज अधिक ४ झाली, म्हणून चौथ्याचं अंतर वजा ४ असायलाच हवं. चौथ्या अंतराला स्वतःचं असं काही सांगायला उरलेलं नाही. चार अंतरांपैकी मोकळी अंतरं तीनच. आता चारही अंतरांचे वर्ग: ४, १, ९, १६. त्यांची बेरीज ३०. चारनं भागलं तर साडेसात, तीननं भागलं तर दहा. सरासरी याच चार आकड्यांतून काढल्यामुळे ती त्यांच्या अगदी मधोमध बसते, अंतरं असतात त्यापेक्षा थोडी आखूड दिसतात आणि साडेसात हा अंदाज लहान पडतो. तीननं भागून आपण ती तूट भरतो."

पाच मिनिटं चाळीस सेकंद. अकरा मिनिटांखाली येत नाही असं मी जानेवारीत लिहिलं होतं. जास्तीची मिनिटं 'हे' आणि 'ते' यांना लागत होती.

लेखी टिपणातली सूत्रांची चित्रं काढून ती मॅथजॅक्स या वेबपानावर सूत्रं दाखवणाऱ्या साधनानं लिहिली, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येतात. अंध विद्यार्थ्याला कच्चा आवाज पाठवला. त्याचं उत्तर: "चौथ्याचं मी तुमच्या आधी सांगितलं."

१० एप्रिल

नव्या व्हिडिओचा आलेख आला. कडा नाही, उतार आहे. 'इथे थांबा' म्हटलं तिथे लोक खरंच थांबवतात आणि पुन्हा सुरू करतात; रेघेवर तिथे छोटी पायरी दिसते. कोण सोडून गेलं हे नावानिशी माहीत नसल्यामुळे आम्ही सगळ्यांनाच एक ओळ पाठवली होती, "धडा ३.२ आमच्याकडून नीट सांगितला गेला नव्हता, तो बदलला आहे." सोडून गेलेल्यांतले काही जण परत आले. सगळे नाही.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यातले सात व्हिडिओ याच पद्धतीनं तपासले, तीन पुन्हा करावे लागले. नुसत्या आवाजाच्या फाइल नेट तुटणाऱ्यांपेक्षा आम्हालाच जास्त उपयोगी पडल्या.

सहकाऱ्याला वाटतं हे सगळं पुढे यंत्राकडून तपासून घेता येईल: संहितेत 'हे-ते' किती वेळा येतं ते मोजायचं. करून बघू. पण आकडा कमी आला म्हणून धडा कळतो असं होणार नाही, डोळे मिटून ऐकणारा एक माणूस लागेलच.

१४ एप्रिल

काल सहावा आठवडा संपला. विभागाला अहवाल द्यायचा आहे. पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी पहिल्या पानावर घातली, कारण ती मागितलेली आहे. दुसऱ्या पानावर ३.२ चे तीन आलेख एकाखाली एक ठेवले. त्यांच्याखाली विद्यार्थ्याचा संदेश, त्याच्या नावाशिवाय, त्याच्या इच्छेप्रमाणे.

२९ एप्रिल

परिचर्या शिकवणाऱ्या एका शिक्षिकेनं आमचा अभ्यासक्रम उतरवून घेऊन स्वतःच्या वर्गासाठी बदलला आहे. परवानगी मागायची गरज नव्हती, तरी त्यांनी कळवलं, आणि दुवा पाठवला. बस जाऊन तिथे नाडीचे ठोके आले आहेत. चार रुग्ण, सरासरी ७५, आणि चौथ्याचं अंतर विद्यार्थ्यांनीच ओळखायचं. 'इथे थांबा' त्यांनी तसंच ठेवलं आहे.

सोबत एक दुरुस्ती: आमच्या ३.२ च्या प्रश्नसंचात चौथ्या प्रश्नाला 'समष्टी पूर्ण हाती असताना', म्हणजे नमुना नव्हे तर सगळेच आकडे हाती असताना, हे शब्द हवेत, नाहीतर एन आणि एन वजा एक ही दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं पकडलं. बरोबर आहे. प्रश्न दुरुस्त केला, बदलांच्या यादीत त्यांच्या वर्गाला श्रेय दिलं, नवी आवृत्ती चढवली. पुढची तुकडी ७ जुलैला.